गळती म्हणून लिहिलेलं

मिस्त्री : वहीत "गळती" लिहिलं की तुमचं भलंच आहे, ताई. दोष सीलवर, फॉस्फरसची कुपी कचऱ्यात, तुम्ही वेळेत घरी. माझं काय? सव्वीस वर्षं या दाबयंत्राची सीलं बसवतोय. महिन्याभरात निवृत्त होतोय, आणि वहीत शेवटचा शब्द हा?

संशोधिका : काका, रागावता कशाला? मी दाब हळूहळूच चढवत होते. दट्ट्या एकदम आत सरकला आणि दाबाचा काटा धपकन खाली आला. आतला वितळलेला फॉस्फरस बाहेर गेल्याशिवाय असं होईल का?

मिस्त्री : गेला तर गेला कुठे? धूर नाही, वास नाही.

संशोधिका : मग आत जागा कुठून झाली?

मिस्त्री : ते शिकलेल्यांनी सांगायचं. मला एवढंच ठाऊक, सांडलेलं आपणहून भांड्यात येत नाही. दाब उतरवून बघा, दट्ट्या मागे येतो का.

संशोधिका : आणि बिघडलं तर? ही शेवटची कुपी आहे. माझा प्रबंध तिच्यावर अडलाय.

मिस्त्री : तर "गळती" मी माझ्या हाताने लिहीन, सहीसकट.

(दोघांची नजर काट्यावर. भट्टीची घरघर.)

संशोधिका : उतरतोय... उतरतोय... अरेच्चा! दट्ट्या मागे आला! काटा वर उडाला!

मिस्त्री : म्हणजे माल आतच आहे.

संशोधिका : सगळाच्या सगळा! आणि गोठून आक्रसलाही नव्हता हो, क्ष-किरणांच्या पडद्यावर तेव्हाही द्रवच होता. आधी अणू चौघा-चौघांचे कंपू करून होते. दाबाखाली कंपू मोडले, सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले, जागा कमी लागली. मूलद्रव्य एकच, द्रवाचा द्रवच, पण दोन तऱ्हांचा!

मिस्त्री : हात्तिच्या! सरकून बसलं की बाकावर पाचवा मावतो, हे मीही सांगितलं असतं.

संशोधिका : विचारायला हवं होतं. गेल्या वर्षी दोनदा काटा असाच पडला. पडद्याकडे न बघताच "गळती" लिहून मोकळी झाले, आणि सील तुम्हाला बदलायला लावलं.

मिस्त्री : मी मुकाट्याने बदललं. वाटलं, हात थकला आपला. म्हणून तर दोन वर्षं आधीच अर्ज टाकला.

संशोधिका : काका! मागे घ्या तो. आत्ताच्या आत्ता.

मिस्त्री : मंजूर झालाय, ताई. असू दे. शोध तुमच्या नावावर, सुट्टी माझ्या. वही द्या इकडे, सील कसं बसवायचं ते लिहून ठेवतो.