बरणी ठोकायची नाही

...नाही, पण मी म्हणतो, बरणी भरली की ती ओट्यावर ठोकलीच पाहिजे, असं कुठे लिहून ठेवलंय? तुम्ही सगळे ठोकता, माहितीये मला! पीठ भरलं, ठक ठक! साखर भरली, ठक ठक! खाली बसलं की वरून आणखी दोन मुठी! आमची आई ठोकते, आजी ठोकायची, आणि मामा तर... थांबा, मामांचं सांगतोच. तुम्हाला सांगतो, मी मुळात न बोलणारा माणूस. शाळा सोडली तीसुद्धा कुणाला न सांगता. पण या बाबतीत ऐकणार नाही. ठोकायची नाही म्हणजे नाही!

मी लसीच्या प्रयोगशाळेत भुकटी वाळवायच्या मशीनवर असतो. साखरेच्या पाण्यात औषध वाहून नेणारे, डोळ्यांना दिसणारही नाहीत असे कण कालवायचे, ते पाणी गरम हवेत फवारायचं, पाणी उडून जातं आणि खाली भुकटी पडते. इतकी हलकी, की भरलेली बरणी उचलली तरी वाटतं, अरे, भरायची विसरलो की काय! कारण प्रत्येक दाणा आतून स्पंजासारखा. भोकंच भोकं! पुढेमागे यातूनच लस द्यायची. सुई नाही, काही नाही, श्वास घेतला की थेट फुप्फुसाच्या तळाशी! प्रयोगशाळेच्या मॅडम मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे बघ, आपण इथे भोकं सांभाळतो. दाबलंस, की दाणे फुटले, एकमेकांना चिकटले, घशातच बसले."

आता मामा. माझे सख्खे मामा, आणि तिथले स्टोअरकीपर. मला त्यांनीच चिकटवलं तिथे. त्यांच्या कपाटात सैल भरलेली बरणी म्हणजे घोर पाप! गेल्या आठवड्यात मी बरणी घेऊन गेलो. नुसत्या साखरेची आणि कणांची, औषध नव्हतं त्यात अजून. पण संध्याकाळी मॅडम ती तपासणीला नेणार होत्या. उडाली नीट तर मशीन चालू, नाहीतर मशीनवर चादर... आणि मी घरी!

मामांनी बरणी हातात घेतली. "काय रे, हवा भरून आणलीस? ठोक जरा, अर्ध्या जागेत बसेल." मी म्हटलं, ठोकायची नाही. "काय पुटपुटतोस?" ठोकायची नाही, मामा. "अरे, माझ्या बहिणीला मी काय सांगू? पोराला साधी बरणी भरता येत नाही?" आणि उचलली की हो बरणी, ओट्यावर आपटायला!

तुम्हाला सांगतो, मी झडप घातली. बरणी छातीशी धरली, तान्ह्या बाळासारखी. मास्कमधून माझा आवाज फुटत नाही, म्हणून तो खाली ओढला आणि जन्मात पहिल्यांदा मामांवर ओरडलो, "ठोकायची नाही म्हणजे नाही! कामावरून काढा, आईला सांगा, लग्नाला येऊ नका माझ्या! नाही ठोकणार!"

मामा खाली बसले. बरणीकडे बोट दाखवून म्हणाले, "बरं बाबा. एवढं काय आहे तरी त्यात? दाखव तर."

जिंकलो की हो! मामांपुढे! मी झाकण उघडलं, दोघंही वाकून बघतोय, पांढरीशुभ्र, मऊ, एक दाणा दबलेला नाही... आणि इतका वेळ कोंडलेला माझा श्वास सुटला.

हुश्श!

...अहो, भुकटी बनवलेलीच श्वासावर उडायला! ढग आला वर. मामांच्या मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, पंख्यावर, कपाटामागे, जिथे माणसाचा हात पोचत नाही तिथपर्यंत! तेवढ्यात मॅडम दारात. त्यांनी मामांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वा! उडतेय छान!" बरणीच्या तळाशी उरलेली तपासणीला पुरली. मशीन चालू आहे, मीही आहे. तेव्हापासून स्टोअरचं छत पुसतोय.

मामा खाली शिडी धरून उभे असतात आणि रोज एकच वाक्य ऐकवतात, "ठोकली असतीस, तर उडाली नसती."

आणि वाईट याचंच वाटतं... तेवढं मात्र मामांचं अगदी बरोबर आहे.