चाळणीने चेंडू अडवला

ताई : ‘बोलत राहा, थांबू नकोस. तू थांबलास की मी वर बघतो, आणि मी वर बघितलं की कुणाचा तरी शर्ट जळतो.’ असंच म्हणायचे ना रे आपले बाबा?

तोफ : अगदी असंच! माझ्या नोकरीची सुरुवातच तिथे झाली, ताई. खाली आपलं इस्त्रीचं दुकान, वर पाण्याची टाकी, टाकीवर मी आणि भिंतीपलीकडे मैदान. बाबा इस्त्री फिरवतायत आणि मी वरून मॅच ओरडून सांगतोय. सगळी गल्ली फुकटात ऐकायची! आता तूच सांग, ज्याला बापाने ‘थांबू नकोस’ म्हणून बजावलंय, त्याने आज दोन तास रेडिओवर तोंड बंद ठेवायचं? हा पित्याच्या आज्ञेचा भंग नाही?

ताई : अरे वा. पळवाट शोधताना बाबा बरे आठवतात तुला.

इंजिनिअर : आणि कालचं स्वतःचं वाक्य आठवतंय का? ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे. लावू?

तोफ : नको हो बाई.

इंजिनिअर : तसं लावायची गरजही नाही, गावभर सगळ्यांना पाठ झालंय. ‘लोकहो, गोलपोस्टमध्ये या चाळणीला उभं करण्यापेक्षा दोरी बांधून चादरी वाळत घाला, चेंडू निदान अडकेल तरी! या चाळणीने आज एक, फक्त एक पेनल्टी अडवून दाखवावी. उद्याचा अख्खा कार्यक्रम मी गप्प बसेन. तुम्ही बोला, मी ब्र काढणार नाही. शब्द आहे तोफेचा!’

ताई : आणि त्या गोलकीपरने अडवली.

तोफ : अडवली! काय अडवली, ताई! शेवटची पेनल्टी. डावीकडे झुकल्याचं नाटक केलं आणि उजवीकडे असा आडवा गेला, असा गेला की चेंडूलाच लाज वाटली! कप आपला! मी टेबलावर चढलो, हेडफोनच्या वायरीसकट. रडत होतो, नाचत होतो, ओरडत होतो, ‘चाळण नव्हे, धरण आहे हा, धरण!’

इंजिनिअर : तेव्हा मी काचेपलीकडून ओठांवर बोट ठेवलं.

तोफ : आणि मला आठवलं. अख्खं गाव जिंकलं, ताई, आणि हरलेला असा मी एकटाच.

ताई : हसू नाही तर काय करू रे? जिभेला हाड नाही, हे तुला लहानपणापासून सांगतेय.

तोफ : ती जीभ आहे म्हणून पोट भरतंय! मैदानावर भोंग्यातून मॅच सांगणारा आजारी पडला, त्याचा भोंगा माझ्या हाती आला. भोंग्यावरून पंचांना आंधळे म्हणालो, मैदानातून हाकललं. हाकललं म्हणून नाव झालं आणि नाव झालं म्हणून रेडिओने बोलावलं. एका प्रशिक्षकाने रागाने मला पार्सलने चष्मा पाठवला होता. तो लावून मी आठवडाभर कार्यक्रम केला!

ताई : रेडिओवर. चष्मा लावून.

तोफ : लोकांना आवाजात कळतं ते! पण आज कसला आवाज? केंद्रप्रमुखांनी सकाळीच बोलावून सांगितलंय. रेडिओवरची शांतता म्हणजे बंद पडलेला रेडिओ. लोक दुसरं स्टेशन लावतात, ते परत फिरकत नाहीत. आज कार्यक्रम झोपला, तर उद्यापासून या खुर्चीत दुसरं कुणीतरी.

ताई : मग त्यांचं म्हणणं काय?

इंजिनिअर : जुना कार्यक्रम वाजवा. टेप बोलेल, हे गप्प बसतील. शब्दही राहिला, खुर्चीही राहिली.

तोफ : बघ, माणूस हुशार आहे.

ताई : म्हणजे उपास धरायचा, पोटभर जेवायचं आणि वर म्हणायचं, आजचं नाही खाल्लं, कालचं शिळं होतं.

तोफ : ताई, तू देवाधर्माची बाई. हा रेडिओ आहे.

ताई : मी माझा शब्द एका देवापुढे देते. तू गावापुढे दिलास. साक्षीदार तुझेच जास्त आहेत, बाबा.

तोफ : घसा बसला म्हणून सांगू?

इंजिनिअर : ते बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

ताई : एवढा का घाबरतोस? मी दर आठवड्याला एक दिवस मौन पाळते, ते कसं जमतं मला?

तोफ : मला माहीत आहे ना तो दिवस. मी मुद्दाम त्याच दिवशी फोन करतो.

ताई : करतोस ना! आणि विचारतोस, ‘ताई, बोलत नाहीस, रागावलीस का गं?’ मेल्या, हसू दाबताना डोळ्यांतून पाणी येतं माझ्या. पण एकदा तरी बोलले का?

तोफ : नाही. एकदा हुंकार दिलास.

ताई : तो तुझ्या भाच्याने दिला. चल, तालीम करू. जिभेचं टोक टाळूला लाव. हात मांडीवर. मी फोन करणारी बाई. हॅलो, तोफसाहेब का? मला वाटतं, कालचा आपला पहिला गोल ऑफसाइड होता.

तोफ : ऑफसाइड? डोळे काय इस्त्रीला टाकलेत का?

इंजिनिअर : वाक्य संपेपर्यंत टिकले. प्रगती आहे.

ताई : पुन्हा. आता पाण्याचा घोट तोंडात धर. गिळायचा नाही.

तोफ : हा तुझा मौनाचा मंत्र?

ताई : मंत्र कसला, युक्ती आहे. देवालाही ठाऊक आहे, मी मुळात केवढी बडबडी ते. घे घोट. हॅलो, तोफसाहेब? मी असं ऐकलंय की तुम्ही स्वतः शाळेच्या संघात गोलकीपर होतात आणि चेंडू आला की डोळे मिटून घेत होतात.

इंजिनिअर : अहो, पाणी! माझ्या यंत्रावर!

तोफ : फाउल! साफ फाउल! घरातली गोष्ट मैदानात आणली हिने!

ताई : पुसते हं मी, बाई. माझंच चुकलं. एवढं हसवायला नको होतं.

तोफ : चेष्टा पुरे, ताई. खरं सांगू? गप्प बसणं जमेल एकवेळ. पण समोरून कुणी बोललंच नाही तर? मी कुणाला धड बोलू कधी दिलंय? एक वाक्य झालं की दाबलं शिट्टीचं बटण. फुर्रर्र! लाल कार्ड, चला, पुढचा! लोक त्यासाठीच तर लावतात. मी शिट्टी मारणार नाही म्हटल्यावर फोन कोण करणार आणि कशाला?

इंजिनिअर : जरा इकडे या. ही फोनची पेटी बघा.

तोफ : सगळेच दिवे लागलेत. बिघडली का?

इंजिनिअर : सकाळपासून अशीच आहे. एक फोन ठेवला की दुसरा. बसचा एक कंडक्टर आहे, तुम्ही प्रत्येक वेळी त्याला ‘पण’पाशी शिट्टी मारलीत. त्याला त्या ‘पण’च्या पुढचं सांगायचंय. एक आजी म्हणतात, मला मॅचमधलं काही कळत नाही, मला फक्त तोफ गप्प बसलेला ऐकायचाय.

तोफ : गप्प बसलेला काय ऐकणार?

इंजिनिअर : ते त्यांनाच ठाऊक. आणि पहिल्या लाइनवर एकजण आहे. नाव विचारलं तर म्हणाला, ‘चाळण म्हणा, ते ओळखतील.’

तोफ : तो? स्वतः?

इंजिनिअर : स्वतः.

तोफ : ताई! मग तर बोलायलाच हवं! तो कसा झेपावला ते त्यालासुद्धा माहीत नसेल, मी बघितलंय! उडी मारायच्या आधी त्याने खांदा कसा पाडला, ते सांगतो त्याला. आणि ते नाव रद्द, आजपासून धरण, एवढंच. चांगलं बोलतोय ना मी? मौनात चांगलं बोललेलं चालत असेल!

ताई : नाही चालत.

तोफ : अगं, तो एवढा कप जिंकून फोन करतोय आणि मी ढिम्म बसू? काय म्हणेल तो? साधं अभिनंदन करता येत नाही या माणसाला!

ताई : तुझं बोलणं त्याला नवीन आहे का? इतकी वर्षं ऐकतोच आहे तो. तू त्याचा आवाज कधी ऐकलायस?

तोफ : नाही. लांबून हातमोजेच तेवढे बघितलेत.

ताई : मग? अभिनंदन उद्या कर. उद्या तुझं तोंड तुझंच आहे.

तोफ : आणि उद्या खुर्ची नसली तर?

ताई : तर त्याच्या घरी जाऊन कर. मी येते बरोबर.

तोफ : तू खरंच येशील?

ताई : न यायला काय झालं? मलाही बघायचाय तो. असं अख्खं गाव नाचवलंय त्याने.

तोफ : बाई, ती टेप काढून ठेवा.

इंजिनिअर : मी लावलीच नव्हती.

तोफ : केंद्रप्रमुख तुम्हाला बोलतील हं.

इंजिनिअर : बोलू देत. तुमच्याबरोबर काम करून माझी ऐकायची तयारी चांगली झालीय.

तोफ : आणि या शिट्टीच्या बटणावर टोपण घाला काहीतरी. हात आपोआप जातो माझा.

इंजिनिअर : त्याची वायर काढते. जा आता आत. दार हळू लावा.

तोफ : ताई, मी...

ताई : शू.

(स्टुडिओतला लाल दिवा लागतो.)

इंजिनिअर : नमस्कार, श्रोतेहो. तोफ खुर्चीत आहेत. आज तुम्ही बोलायचं. पहिला फोन घेऊ या.

फोनवरचा आवाज : हॅलो? मी... मी कालचा गोलकीपर. आजवर कधी रेडिओवर बोललो नाही. जरा अडखळेन. ते ऐकतायत ना?

इंजिनिअर : ऐकतायत. सावकाश बोला.