अर्धवट बिल्डिंगीचं छत

नाय, मला सांगा, स्वतःच्या हातानं स्वतःचं काम घालवणारा माणूस तुम्ही बघितलाय? मग आमचा कमळाकर बघा! गणपती बनवणाऱ्या जोहे गावचा. गणपतीच्या कारखान्यात पीओपीत लोळून मोठा झाला, आणि पुढं मूर्ती सोडून छताला लागला... म्हणजे सीलिंगच्या धंद्यात हो! आणि ह्याला काम मिळालं कुठलं, तर रोह्याजवळ विद्यापीठाची ती काँक्रीटची बिल्डिंग हाय ना, तिथल्या लेक्चर हॉलांचं! बांधली तेव्हापासून प्लास्टर नाय, रंग नाय, शेजारच्या वरसे गावची माणसं अजून तिला 'अर्धवट बिल्डिंग' म्हणतात! संचालक साहेब म्हणाले... आवाज असा बारीक, की माइकशिवाय पहिल्या बाकालासुद्धा जायचा नाय... म्हणाले, "कमळाकर, जुनं सीलिंग पाडा, नवं लावा, एकदम एअरपोर्ट करून टाका!"

पाडलं. मोठ्या हॉलातली शेवटची शीट खाली आली, कबुतरांची पिसं उडाली, खकाणा बसला, आणि कमळाकरनं वर बघितलं... आणि बघतच राहिला! तुम्हाला सांगतो, आपण वर बघतच नाय! काय होतं वर? काँक्रीटच्या फासळ्या! खाडीकाठी उलटी घातलेली होडी असते ना, तिच्या पोटात शिरल्यासारखं! परांचीवर चढून हात लावला, तर काँक्रीटवर लाकडाच्या रेषा, गाठीसुद्धा! ओतताना लावलेल्या फळ्या कधीच गेल्या, पण त्यांचं अंग तिथंच राहिलं! मधल्या फटींवर कुणीतरी पत्रे ठोकलेले. एक उचकटला, तर उजेड भिंतीवरून उतरत उतरत थेट खडूनं लिहायच्या काळ्या फळ्यावर!

कमळाकर जाऊन शेवटच्या बाकावर बसला, तोंड उघडं. खाली मलबा भरणारी त्याच्या हाताखालची मजूरबाई सगुणा आपल्याशीच पुटपुटली, "हा मेला छत बघत बसलाय, चाय सांगायचं नाव नाय!"

"सांगतो गो, सगुणा!"

"अगो बाय! तिथवर ऐकाय गेलं?"

शब्दन् शब्द गेला होता!

आणि नवीन सीलिंगचं सामान दारात येऊन पडलेलं! कमळाकर म्हणतो, "नाय लावणार." सगुणा म्हणाली, "अवो, मग आपून खायाचं काय?" पण झाकायला हातच उचलंना त्याचा, काय करणार?

तेवढ्यात साहेब हजर! "हे काय? उद्घाटनाला पाहुणे येणार, आणि वर असं उघडंबोडकं?"

"साहेब, एकदा बोला फक्त. माइक नको."

"क... काय बोलू?"

"ऐकाय येतंय!" शेवटच्या बाकावरनं सगुणा.

मग साहेबांनी वर बघितलं. आपण वर बघतच नाय हो! हळूच म्हणाले, "विद्यार्थी मित्रांनो..." आणि तो आवाज फासळ्यांवरून गेला, हॉलभर पसरला! जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस, स्वतःचा भरलेला आवाज पहिल्यांदा ऐकत होता! मग जे सुरू झाले ते थांबेचनात... इंग्रजांचं राज्य आलं, गेलं, स्वातंत्र्य मिळालं, सगुणा मलबा सोडून ऐकत बसली! शेवटी चष्मा पुसत साहेब म्हणाले, "झाकायचं नाही. एकही हॉल झाकायचा नाही!"

गेलं! सगळ्या हॉलांच्या सीलिंगचं काम गेलं! उरलं काय, तर फटी साफ करायच्या आणि बाकं पुसायची! पोटावर पाय पडलेला, आणि हा मान वर करून हसतोय... "काय छत हाय राव!"

बरं, तिथं थांबावं ना? पण खोड लागली हो! घरी आला, स्टुलावर चढला, स्वतःच्या हातानं केलेल्या सीलिंगवर हातोडी घातली. म्हणे, काय दडलंय कुणाला ठाऊक! काय दडलेलं? ओलीनं काळा पडलेला स्लॅब, गंजकी सळई, आणि उंदराचं अख्खं खटलं! आणि खाली त्याची बायको, आमची चंद्रावतीवहिनी, केसापासून पायापर्यंत पांढरीफेक...

आता कमळाकरकडं सीलिंगचं एकच काम हाय. घरचं. फुकटातलं. आणि गिऱ्हाईक असं भेटलंय, की एक डिझाईन पसंत पडेल तर शपथ!