बशीवर नाव नको

— नाही, आधी बसा. भांडं काय पळून जातंय का? तुमचं ते झाकणाचं स्टीलचं भांडं घासूनपुसून खिडकीत ठेवलंय, नेहमीसारखं. आणि हे दुसरं कशाला आणलंत? भरलेलं? ठेवा ओट्यावर. झाकण नका काढू, आधी माझं ऐका. तुम्ही विचारायला आलात ना, की ते मशरूमचं तुम्ही कधी पाठवलं होतं? हे म्हणाले शनिवारच्या जेवणाला तेच करा, आणि तुम्हाला तर ते केल्याचं आठवतच नाही. आठवेल कुठून? केलंच नाहीत तर आठवणार कसं. पण ते पुढे. जरा सरका, गॅस बंद करू दे — बदामाचं वाटण आहे, नजर हटली की तळाला लागतं.

तुम्ही औषधाच्या दुकानात — आम्ही घरात तुम्हाला औषधवाली म्हणतो, राग मानू नका, नाव विचारण्याइतकी ओळखच कुठे होती — तिथे तुमचं सगळं मोजून-मापून. इथे तसं नाही. ती मोबाइलवर पदार्थ शिकवणारी मुलगी, लांब लांब नखं, त्या नखांनी कशी पीठ मळते देव जाणे, ती म्हणते कांदा पाच मिनिटांत सोनेरी होतो. कुणाचा होतो? माझा पाच मिनिटांत नुसता घामेजतो. मग म्हणते चवीनुसार मीठ. कुणाच्या चवीनुसार, बाई? माझ्या, का समोर बसलेल्या माणसाच्या? म्हणे घरात असतंच त्या साहित्यातून करा — आणि पुढच्याच वाक्यात असलं काहीतरी चीज, की दुकानदाराला नाव दोनदा सांगावं लागतं. वर्षभर हेच चाललंय माझं. रोज संध्याकाळी नवीन. भोपळा भाजला ओव्हनमध्ये, बाहेरून कोळसा, आतून कच्चा. मासे केले संत्र्याच्या रसात, मांजरानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. पालकाचं एक असं हिरवंगार झालं की मीच घाबरले. कशासाठी हा सगळा खटाटोप? या शनिवारसाठी. हे निवृत्त होतायत, त्या निरोपाच्या जेवणासाठी. कारखान्यातली सगळी माणसं, मोठे साहेब, त्यांच्या बायका. हे जन्मभर त्या लोकांना सांगत आलेत, घरी काय मिळतं ते विचारू नका म्हणून, आणि ते लोक जन्मभर हसत आलेत. मला त्या सगळ्यांना माझ्या हातचं वाढायचं होतं. एकदाच. वाढायचं आणि त्यांच्या बायकांची तोंडं बघत उभं राहायचं.

आणि परवा हे जेवता जेवता म्हणाले, शनिवारचं मी खालच्या बाईंना सांगितलंय. म्हणजे तुम्हाला. असं, मीठ मागावं तसं. मी पोळपाट पुसत होते. पुसतच राहिले.

यांचं काम माहितीये ना तुम्हाला? सांगितलंच असेल जिन्यात, तासन्‌तास तर उभे असता — नाही, मी बघत नाही, कचरा ठेवायला दार उघडलं की दिसतं. बिस्किटांच्या कारखान्यात चव घेतात. जिभेचा पगार. तिथे काय करतात, ठाऊक आहे? सारख्या पांढऱ्या बश्या, खाली नुसता नंबर. कुठल्या भट्टीचं, कुठल्या पाळीचं, कुणी भाजलं, काही कळू देत नाहीत. आणि सगळं निवलेलं, म्हणजे गरम-गार यावरूनसुद्धा अंदाज लावायला नको. मग हे चाखतात आणि दहापैकी मार्क देतात. यांचं आवडतं वाक्य आहे, बशीवर नाव असलं की जीभ खोटं बोलते. लग्न झाल्यावर किती कौतुक वाटायचं मला त्या वाक्याचं. आणि तीच सवय घरी. रोज जेवण झालं की चमचा ताटात आडवा ठेवायचा आणि मार्क सांगायचे. पाच. चार. साडेचार. सहाच्या वर मी कधी गेले नाही. एकदा सहा मिळाले तर मी आनंदानं मुलीला फोन केला. ती म्हणाली, आई, तू वेडी आहेस का.

बरं, आता ऐका. तुम्ही नवीन राहायला आलात आणि पहिल्यांदा ते भांडं घेऊन वर आलात. काय होतं त्यात, सूप ना कसलंतरी? मी झाकण उघडलं, बघितलं, आणि मोरीत ओतलं. चाखलं का? चाखायचं काय त्यात? बघूनच कळतं. एकटी राहणारी बाई, दुकानातून दमून येणार, घाईत काहीतरी ढवळणार. मला काय वेळ होता तुमचं चाखायला? त्या दिवशी मी पहिल्यांदाच हे बदाम-मशरूम केलं होतं. बदाम भिजवा, सोला, वाटा, गाळा, पुन्हा वाटा, वर जायफळ किसा — दुपारभर त्यातच होते. आणि तुमचं भांडं धुऊन समोर पालथं पडलेलं. मनात आलं, गंमत करू. माझं तुमच्या भांड्यात काढलं. यांना म्हटलं, खालच्या बाईंनी पाठवलंय.

नऊ.

जायफळ आहे यात, म्हणाले. बदाम सोलून घेतलेत, म्हणाले. जीभ खोटी नाही हो त्यांची, एकेक गोष्ट बरोबर ओळखली. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं — अहो, हे माझं आहे, मीच केलंय. तेवढ्यात हे म्हणाले, शिक जरा तिच्याकडून काहीतरी. मग मी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी तेच केलं. ताजं, तसंच, तितकंच जायफळ, आणि माझ्या पातेल्यातून वाढलं. चार. वर म्हणतात, तिची नक्कल केलीस, पण जमली नाही.

पाणी देऊ? नको? बरं.

मग काय, तुम्ही दर मंगळवारी पाठवायला लागलात. म्हणजे जिन्यात कौतुक झालं असणार. काय हाताला चव आहे तुमच्या, असं काहीतरी — पदार्थाचं नाव नाही, नुसती चव, म्हणून तर इतके दिवस तुम्हालाही कळलं नाही. दर मंगळवारी तुमचं मोरीत आणि माझं तुमच्या भांड्यात. एकही नाही, ताई. तुमच्या हातचा एक घाससुद्धा त्या माणसाच्या पोटात गेलेला नाही. ओठांना रंग लावायला लागलात, तो निळा ड्रेस शिवलात, दुकानात मैत्रिणींना सांगितलंत की वरचे साहेब माझ्या स्वयंपाकावर खूश आहेत — सांगितलंच असेल, मी असते तर मीही सांगितलं असतं — ते सगळं माझ्या कांद्यावर, माझ्या बदामांवर. रडू नका, मी बरं बोलत नाही हे मलाही कळतंय. पण तुमचं गेलं काय? तुम्हाला कौतुक तरी मिळालं. माझ्या हातचं खाऊन त्यांनी तुमच्याकडे बघून हसायचं, आणि मी दाराआडून — कचरा ठेवताना, म्हटलं ना.

आणि यांना सांगायला जाऊ नका हं. काय सांगाल? मी पाठवलेलं सगळं मोरीत गेलं असं? ते हसतील हो. तुमच्यावर हसतील. शनिवारी तुम्हीच करा. मी काही मदतीला येणार नाही, मी छान साडी नेसून पहिल्या रांगेत बसणार. मोठ्या साहेबांनी पहिला घास घेतला की यांच्याकडे बघणार, आणि मग तुमच्याकडे. खोटं कशाला बोलू, परवापासून त्याच एका विचारावर जगतेय मी.

हे भांडं? यात तेच आहे? म्हणजे — यांनी जिन्यात जसं वर्णन करून सांगितलं तसं करून बघितलंत तुम्ही? आणि मला दाखवायला आणलंत, बरोबर झालंय का म्हणून? अरे देवा. बदाम, जायफळ, सगळं सांगितलं त्यांनी? सांगणारच. कुठून शिकलात मग, मोबाइलवरच्या त्या नखवालीकडून? नाही? स्वतःच अंदाजानं? अंदाजानं हे होत नसतं, ताई. माझं एक वर्ष गेलं त्यात. नुसती नावं ऐकून पदार्थ जमला असता तर काय हवं होतं.

थांबा, तुम्हाला दाखवतेच. त्या फडताळातून दोन बश्या घ्या, सारख्या, पांढऱ्या. माझं पातेल्यात आहे, निवलंय आता, तुमचंही निवलंय. एकीत माझं, एकीत तुमचं. मी पाठ फिरवते, डोळेही मिटते, तुम्हीच चमचा तोंडात द्या. कारखान्यात करतात तसं. बघा तर खरं, एका घासात सांगते. स्वतःच्या हातचं ओळखू येत नाही अशी बाई असते का? झालं? द्या.

हं. आधी ही, उजव्या हाताची. ही — बदाम नीट वाटलेला नाही, कचकचतोय जरा. जायफळ फार पुढे आलंय. आणि आच वाढली कुठेतरी, करपलेला वास आहे मागून. ही तुमची. चार. नाही, आज तुम्ही रडलात, म्हणून साडेचार. आता ती द्या, डावीकडची.

ही बघा. याला म्हणतात. जिभेवर आलं, गेलं, आणि मग मागून जायफळ, अगदी हळूच. याचसाठी दुपारभर बदाम सोलत बसते मी. वर्षभरात इतकं मलासुद्धा कधी साधलं नव्हतं, आजच साधलंय. नऊ. नऊ कसले, साडेनऊ. घ्या, तुम्हीही चाखा, म्हणजे कळेल दोन्हीत फरक काय तो.

काय?

उलट काय? कसलं उलट? डावी माझी. डावी माझीच आहे. तुमच्याकडून बदलल्या असतील. शपथ कशाला घेताय, बाजूला व्हा, बघू द्या मला. माझ्या पातेल्यापासून थेंब सांडलेत ओट्यावर. सांडत सांडत — उजव्या बशीपर्यंत. डावीकडे एकही नाही. डाव्या बशीशेजारी तुमचं झाकण.

ते सूप कसलं होतं? पहिल्या दिवशीचं. नाही, सहज विचारतेय. राहू दे, नका सांगू.

हसताय का? नाही? मग अशा बघू नका माझ्याकडे. मी कुणाचं काय घेतलंय? मी माझंच वाढत होते. फाटक वाजलं — ऐकलंत? आले. चप्पल घासत येतात, ऐका. तुम्ही उठा. नाही, हे भरलेलं भांडं नाही न्यायचं, ते इथेच राहू दे, तुमचं ते रिकामं न्या. मी माझं ओतते मोरीत आणि हे तुमचं त्या पातेल्यात काढते. माझ्या पातेल्यातून, माझ्या हातानं, माझ्या नावानं वाढणार आज. बघायचंय मला. मी साडेनऊ दिले त्यालाच चार देईल. पाचसुद्धा नाही द्यायचा तो, मला ठाऊक आहे ना, चमचा आडवा ठेवेल आणि म्हणेल, शिक जरा तिच्याकडून. म्हणू दे. आज मला तेच ऐकायचंय. निघा तुम्ही आता. दार ओढून घ्या, आणि जिन्यात भेटला तर थांबू नका.