लवूच्या कपाटातलं ॲसिड

...आणि आता सगळे लवूलाच बोलतात. बोला, गरीब माणूस आहे, कोणीही बोलावं. पण तुम्हाला सांगतो, बाटल्यांचा तो घोळ लवूने सुरू केलाच नव्हता, तो सुरू केला त्याच्या बायकोने, रखमाने, आणि तोही करी रोडच्या चाळीत राहायचे तेव्हापासून. व्हायचं काय, की चाळीखाली फिनेलवाला यायचा, हातगाडीवर कॅन ठेवून. सुटं फिनेल, सुटं ॲसिड, आपापली बाटली घेऊन जा. मग बाटली कुठली? हाताला लागेल ती. सरबताच्या बाटलीत फिनेल, कोल्ड्रिंकच्या बाटलीत रॉकेल, पाण्याच्या बाटलीत ॲसिड, आणि जिच्यावर चांगलं झगझगीत व्हिस्कीचं लेबल, तिच्यात काय, तर कोकमाचं आगळ. पाहुणा आधी खूश व्हायचा, मग गपचूप सोलकढी प्यायचा. कोणी म्हटलंच की रखमा, निदान काय कशात आहे ते लिही तरी, तर तिचं ठरलेलं, "बाटली बरी आसा, टाकूची कित्याक? आणि माका सगळा ठावक आसा, खंयच्या कोनाड्यात काय हा ता."

बरं, चाळीत चाललं. कोनाडे तिचे, हात तिचा. पण चाळ पडली, टॉवर झाला, लवूला त्यातच ब्लॉक मिळाला, आणि टॉवरमध्ये कोनाडे असतात का? सगळ्या बाटल्या ओट्याखाली एका कपाटात, कांद्याबटाट्याच्या टोपलीला टेकून. आणि त्याच सुमाराला लवूची नात रांगायला लागली.

मंगळवारी लवू पाणी प्यायला आत जातो, तर पोरगी जमिनीवर बसलेली, मांडीत बाटली, आणि नुकत्या आलेल्या दोन दातांनी झाकण चावतेय. पाण्याची बाटली. म्हणजे आपल्याला वाटतं पाण्याची... लवूने झेपच घेतली हो. बाटली हिसकली, पोरगी भोकाड पसरून रडली, झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. सून मेघना दादरला ऑफिसात असते, ती घरी आल्यावर तिला सांगितलं. ती लेकीला घेऊन बसून राहिली, आणि बुधवारी रजा टाकली.

बुधवारी काय ते अभियान! ओट्याखालचं सगळं बाहेर. "आई, विषारी वस्तू खाण्यापिण्याच्या बाटलीत भरायच्या नाहीत. प्रत्येक वस्तू तिच्या मूळ बाटलीत राहील, लेबलासकट. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर विषारी वायू होतो, म्हणून दोन टोकांना. आणि सगळं उंचावर, कुलपात." रखमा एकेक बाटली छातीशी धरतेय, "अगो, ही बरी आसा, टाकूची कित्याक?" पण कालचं आठवलं की तिचीच पकड सुटत होती. देत गेली एकेक.

आता उंचावर आणि कुलपात अशी घरात जागा किती? एकच. पॅसेजमधलं लवूचं कपाट. त्यात भजनाचे टाळ, गणपतीचं मखर, आणि... आता तुमच्यापासून काय लपवायचं, मखराच्या मागे वेंगुर्ल्याची काजूची फेणी. चुलतभाऊ आणतो, वर्षाला एक बाटली. लवू ती जपून घेतो, फक्त बुधवारी. बुधवारीच का? सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवारी मुलगा घरी. माणसाने करायचं काय? बरं, नातीच्या बारशाला रखमाने त्याला पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडायला लावलेली. म्हणजे ही बाटली सापडली तर नुसती दारू सापडत नाही, शपथ सापडते.

आणि गावाहून आलेली वस्तू कधी स्वतःच्या बाटलीत येते का? पाण्याची बाटली, पांढरं स्वच्छ, लेबल नाही. मेघनाने मखर सरकवलं, बाटली हातात घेतली. "बाबा, हे काय आहे?"

लवूने बायकोकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, "ॲसिड."

तुम्हाला सांगतो, पाणी म्हणाला असता तरी निभावलं असतं. मेघनाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुमच्या कपाटातसुद्धा?"

"चाळीतलं आहे," लवू म्हणाला. "बाटली बरी होती, म्हणून..."

"मग ही ठेवायचीच नाही. आत्ताच वापरून संपवते." झालं. हातमोजे चढवले, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, एक सोडून दोन, एक्झॉस्ट फॅन चालू, बाथरूमची खिडकी उघडी. एवढ्या बंदोबस्तात ती गेली आत, आणि लवू बाहेर नातीला मांडीवर घेऊन बसला. आतून आवाज येतोय, डबक डबक डबक... वर्षाची बेगमी संडासात चाललीय, आणि माणसाने तोंड कसं ठेवावं? पोरगी त्याचं नाक ओढत होती, तेवढंच निमित्त डोळ्यांत पाणी यायला.

मग घासण्याचा आवाज. बराच वेळ. मग मेघना दारात. "बाबा, तुमचं ॲसिड काही कामाचं नाही. डाग जसाच्या तसा."

"जुनं होतं गं."

तेवढ्यात सैपाकघरात बांगडे कापणारी रखमा थांबली. मान वर केली, एकदा श्वास घेतला, परत एकदा घेतला. हात धुतले, पदराला पुसले, सावकाश बाहेर आली, आणि लवूसमोर उभी राहून म्हणाली, "ॲसिड वेंगुर्ल्याचा दिसता."

एवढंच. आरडाओरडा केला असता तर बरं, असं लवूला वाटलं. तिने नातीला त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं, मेघनाच्या हातातला ब्रश घेतला, त्याच्या हातात दिला. "डाग जावक व्हयो."

लवू उठला. बाथरूममध्ये गेला, गुडघे टेकले. मेघना बिचारी आपला मास्क उतरवून मागून काळजीने म्हणते, "बाबा, मास्क तरी लावा, वास केवढा सुटलाय."

लवू म्हणाला, "राहू दे गं पोरी. आता तेवढाच उरलाय."