हेमांगीबाईंच्या नव्या ड्रेसचं आख्यान

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. एखादी वस्तू आपल्याला हवीशी कधी वाटते — घरात असते तेव्हा, की दुकानात टांगलेली दिसते तेव्हा? पुढच्या रांगेतल्या काकू, लगेच मान डोलवू नका. मलाही नीट कळलेलं नाही, म्हणून तर आख्यान लावलंय!

साक्षात भगवंताचं बघा. मासा झाला, कासव झाला, वराह झाला, पण पीतांबर एकच! वैकुंठात नवीन कलेक्शन आलंय, असं कधी ऐकलंत? आणि आपण? जन्म एक, पण कपाटाचं दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नाही.

तर एक गाव. नाव सांगत नाही, तिथले यजमान बिदागी चांगली देतात. त्या गावात हेमांगीबाई राहायच्या. स्वभावाने चांगल्या, सासूची सेवा करायच्या. दोष एकच — त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी शलाका नावाच्या मुलीने मोटारीच्या गॅरेजमध्ये बुटीक काढलं होतं! मोटार बाहेर उन्हात, आणि ड्रेस आत एसीत. बाई भाजी आणायला निघाल्या की भाजी राहायची आणि ड्रेस यायचा. नवऱ्याने विचारलं, की 'अहो, जुनाच आहे हा.' हसता काय? हे वाक्य या मंडपात कुणी कुणी म्हटलंय, हात वर करा. बघा, एकही हात नाही. कीर्तनात बसूनसुद्धा खोटं!

दिवाळीच्या आधी बाईंनी घर आवरलं. नव्या ड्रेसना जागा हवी होती ना! जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, आत काय गेलं ते न बघता बोहारणीला दिलं आणि झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. त्या गाठोड्यात सासूबाईंची, अनसूयाबाईंची, सुती इरकल साडी होती. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. पदरावर आरतीतल्या कापराची ठिणगी पडून भोक पडलं होतं, तिथे म्हातारीने हिरव्या दोऱ्याने एक पान भरलं होतं. जरासं वाकडंच. पण त्या घरातलं प्रत्येक मूल बारशाला त्याच इरकलीवर निजलेलं!

पुढे काय झालं? हेमांगीबाईंची लेक बाळंत झाली. मुलगी झाली. बारसं ठरलं. अनसूयाबाई म्हणाल्या, पाळण्यात घालायला माझी इरकल काढून ठेव गं. ती त्या गाठोड्यात गेली, हे बाईंच्या आत्ता ध्यानात आलं. खरं सांगायचं धाडस होईना. वरच्या माळ्यावर आहे, काढते, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली आणि पिशवी घेऊन बोहारणीला शोधायला बाहेर पडल्या.

आता मला सांगा, शनीच्या देवळामागे बोहारणी बसतात, तिथे जायचा रस्ता कुठून? बुटीकवरून! बाईंनी मान खाली घातली. मनात रामनाम सुरू केलं. पण मंडळी, नजर तेवढी नामाच्या हाती लागत नाही. काचेत एक ड्रेस टांगलेला. गर्द डाळिंबी, इरकलीला असतात तसले गोमीचे काठ, आणि ओढणीवर हिरवं पान!

शलाकाने बोलावलं, लिंबू-चहा दिला. म्हणाली, विंटेज आहे काकू, एकच पीस. आणि हे पान बघा, हँड एम्ब्रॉयडरी, मुद्दाम वाकडं काढतात, हल्ली त्यालाच मागणी आहे. बाईंनी आरशापुढे ओढणी खांद्यावर टाकली. इतकं आपलं वाटणारं कापड त्यांना आजवर मिळालं नव्हतं. किंमतसुद्धा विचारली नाही! ड्रेस पिशवीत घालून घरी आल्या, आणि उंबऱ्यात आठवलं, की आपण साडी शोधायला गेलो होतो.

बारशाचा दिवस उजाडला. बाईंनी सासूबाईंना सांगितलं, इरकल सापडत नाही. म्हातारी नुसती पाळण्यापाशी जाऊन बसली, रिकाम्या गादीवर हात फिरवत. हेमांगीबाईंना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तेवढ्यात बायका जमल्या, ड्रेसचं कौतुक सुरू झालं, आणि बाई प्रत्येकीला ओढणीचं पान दाखवत पाळण्यापर्यंत आल्या.

अनसूयाबाईंनी ओढणीचं टोक हातात घेतलं. पानावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "हेमा, हे पान मी भरलंय."

बाईंचा चेहरा पांढराफटक. चूक कबूल करायला तोंड उघडलं, तर रडूच फुटलं. सासूबाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "घरात होती तेव्हा तू तिची कधी घडीसुद्धा घातली नाहीस. आता बघ, किती जपतेस. आण इकडे."

बाईंनी ओढणी काढली. तिच्या टोकाला चिठ्ठी शिवलेली होती — फक्त ड्रायक्लीन करावे. अनसूयाबाईंनी ती दाताने तोडली, ओढणी पाळण्यात अंथरली, वर पणतीला निजवलं. आणि मंडळी, पोरीला काय कळतंय विंटेज! नाव ठेवायच्या आतच तिने ओढणी ओली केली!

हसा, पोटभर हसा. आता तुमच्याकडे येतो. पुरुष मंडळी, तुम्हीही या, खिशातला मोबाईल आत ठेवा, तोही नवाच दिसतोय. तुमच्या देवघरात एक देव आहे. आजीने रोज धुतलेला, नाक झिजलेला. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे नीट कुणी बघितलं? आणि त्यालाच बघायला आपण गाडी करून लांब जातो, पास काढतो, रांगेत उभं राहतो, आणि गाभाऱ्यातून बाहेर ढकलले गेलो की म्हणतो, काय तेज होतं हो! अरे, तेच तेज घरी तुझ्या नजरेची वाट बघत धूळ खातंय.

उठा आता. घरच्या देवाचं नाव घेऊन टाळी वाजवा. नाव आठवतंय ना?