सापसुरळी आणि जिताडा

कमळाकर : पानी नको, गुणा. इख चढलेल्याला पानी देत नाय.

गुणाबाई : आता तर तांब्याभर गटागटा प्यालात.

कमळाकर : तवा मी शुद्धीवर नवतो.

गुणाबाई : बोट बघू. अवो, एवढासाच ओरखडा हाय!

कमळाकर : सापसुरळी चावलीय! सापाला औषध हाय, सापसुरळीला नाय. आमचा बा सांगायचा, ती डसली का मानूस दुसरा दिवस बघत नाय.

गुणाबाई : पान्याच्या मीटरच्या खड्ड्यात न बघता हात कोन घालतो? थांबा, विनिता नाक्यावर पोचलीय. सून नर्स हाय आपली, बघंल ती.

कमळाकर : ती येईस्तोवर मी कुठला टिकतोय! एक सांगून टाकतो. चाळीस वर्सं पोटात ठेवलंय.

गुणाबाई : आगो बाई! कोन हाय ती?

कमळाकर : ती नाय. जिताडा हाय.

गुणाबाई : काय?

कमळाकर : तुला बघाया आलो तवा तुझ्या बापापुढं जिताडा मासा ठेवला व्हता ना? चार किलोचा...

गुणाबाई : चार? परवा हळदीत माईकवर बारा म्हनलात.

कमळाकर : मरताना खरं बोलू दे मला! खाडीत छातीएवढ्या पान्यात उभा र्‍हाऊन मीच धरला, असं बोललो व्हतो.

गुणाबाई : आनि बा म्हनला, जिताडा धरनारा माझ्या पोरीला उपाशी नाय ठेवायचा. अख्ख्या रोडपाली गावाला पाठ हाय.

कमळाकर : मी नाय धरला गुणा. पनवेलच्या बाजारातून इकत आनला. खोट्यावर लगीन केलं तुझ्याशी. माफ कर, मंजे सुखानं डोळे मिटतो.

विनिता : बाबा! डोळे उघडा आधी. आई, फोनवर साप म्हणालात ना तुम्ही?

गुणाबाई : सापसुरळी म्हनलं गो. तू अर्धंच ऐकलंस.

विनिता : नक्की? पाय होते तिला?

कमळाकर : चार. अंग चकचकीत. शेपूट तुटून माझ्याच हातात र्‍हायली, वळवळत व्हती.

विनिता : मग सापसुरळीच. तिला विष नसतं बाबा. घरातल्या पालीला नाही, कुंपणावरच्या सरड्यालाही नाही. उठा, साबणाने हात धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन मागच्या वर्षीच दिलंय मी तुम्हाला.

कमळाकर : मंजे मी मरत नाय?

विनिता : आज तरी नाही. नुकसान झालं ते तिचंच, शेपूट गेली बिचारीची. पण म्हणून उचलायला जाऊ नका हं पुन्हा. घाबरली की चावणारच ती.

कमळाकर : गुणा, ते मघाचं... इखाच्या झिंगेत बोललो मी.

गुणाबाई : इखच नाय, तर झिंग कसली?

विनिता : मघाचं काय?

गुणाबाई : तुझ्या सासऱ्यानं जिताडा इकत घेतलेला.

विनिता : तो? लग्नाचा? अहो बाबा!

कमळाकर : हस, हस. गुणा, तू तरी बोल काय. रागव तरी.

गुणाबाई : कोनाकडून घेतलात?

कमळाकर : व्हती एक मावरंवाली. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदन.

गुणाबाई : शकू मावशी माझी.

कमळाकर : आं?

गुणाबाई : सकाळी तिनं इकलेला मासा, दुपारी आमच्याच ओट्यावर! चुलीपाशी येऊन मला म्हनते, गुणे, नवरा लबाड हाय, सांगू का तुझ्या बापाला?

विनिता : मग तुम्ही काय म्हणालात, आई?

गुणाबाई : म्हनलं, गप र्‍हा मावशे. मासा धरता येत नाय, पन रिकाम्या हातानं येववत नाय, असा मानूस चालंल मला.

कमळाकर : आनि चाळीस वर्सं मला माईकवर बोलू दिलंस?

गुणाबाई : जिताडा दर हळदीला वाढत व्हता. म्हनलं, बघू तरी कुठवर जातो.

कमळाकर : शनवारी शेजारच्या निनादची हळद हाय. आता काय तोंड दाखवू? काय सांगू तिथं?

गुणाबाई : तेरा किलोचा सांगा. मी पुढंच बसते.